तक्रारीचा दरवाजा संस्थेबाहेर हवा

सप्टेंबर २०१८ मध्ये सांगली जिल्ह्यातील कुरळप पोलीस ठाण्यात एक निनावी पत्र आले. वाळवा तालुक्यातील या गावच्या मिनाई आश्रमशाळेत मुलींवर लैंगिक अत्याचार होत असल्याचे त्यात लिहिले होते. पोलिसांनी चौकशी केली, मुली बोलत्या झाल्या आणि संस्थाचालकाला, तसेच त्याला साथ देणाऱ्या महिला कर्मचाऱ्याला अटक झाली. पुढे इस्लामपूरच्या न्यायालयाने संस्थाचालकाला जन्मठेप सुनावली. आरोपीला शिक्षा झाली, त्यामुळे हे प्रकरण आपल्या दृष्टीने संपले.

पण त्या पत्रावर सही का नव्हती, याचा विचार व्हायला हवा होता. अनुदानित आश्रमशाळा म्हटली की तिथे मुख्याध्यापक असतो, शिक्षक असतात, अधीक्षक असतो, वर्षातून काही वेळा सरकारी तपासणी होते, हजेरीपट आणि शेरेबुकही असते. एवढे सगळे असूनही जे चालले होते ते बाहेर यायला निनावी पत्र लागले. ज्याला ते माहीत होते, त्याला आपले नाव लिहून निर्धास्तपणे सांगता येईल अशी एकही जागा दिसली नाही. संस्थेत तक्रार करावी, तर संस्थाचालकच आरोपी. अशा वेळी मुलाने किंवा त्याच्या वतीने बोलणाऱ्याने जायचे कुठे?

शाळा, आश्रमशाळा, मठ, चर्च, मदरसा, गुरुकुल, तालीम या सगळ्या ठिकाणांना हा प्रश्न लागू आहे. अशी तक्रार आली की बहुतेक संस्थांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘आधी आम्ही आमच्या पातळीवर चौकशी करतो.’ ऐकायला हे जबाबदारीचे वाटते. पण वैद्यकशास्त्र आणि बालमानसशास्त्र यांच्या कसोटीवर पाहिले, तर ही अंतर्गत चौकशी जवळपास हमखास फसते. त्यात मुलाचे नुकसान होते आणि पुरावाही बिघडतो. कायद्याने तर ती पोलिसांना कळवण्याला पर्याय ठरूच शकत नाही.

मूल कसे सांगते

अंतर्गत चौकशी करणाऱ्यांच्या मनात खऱ्या पीडित मुलाचे एक चित्र असते. ते लगेच सांगेल, रडेल, तारीख-वार सांगेल, सगळा प्रसंग क्रमाने सांगेल आणि प्रत्येक वेळी तेच सांगेल. प्रत्यक्षात असे फार थोडी मुले करतात.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ मध्ये अशा मुलांच्या वागण्याचा एक क्रम मांडला होता. मूल आधी गुपित पाळते. मग ते असहाय होते. मग परिस्थितीशी जुळवून घेऊन रोजचे जगणे चालू ठेवते. खूप उशिरा, अडखळत, अर्धवट सांगते. आणि आजूबाजूला गोंधळ उडालेला दिसला की ‘तसे काही झाले नव्हते’ म्हणून शब्द मागे घेते. प्रत्येक मूल याच पायऱ्यांनी जाते असे नाही, आणि यावरून अत्याचार झाला की नाही याचे निदानही करता येत नाही. पण उशीर आणि अडखळणे म्हणजे खोटेपणा नव्हे, हे त्यामुळे डॉक्टरांना आणि न्यायालयांना नीट समजू लागले.

त्यामागे शरीराचेही कारण आहे. तीव्र भीतीच्या क्षणी काही जण प्रतिकार करतात, काही पळतात, आणि अनेकांचे शरीर गोठून जाते. ओरडावेसे वाटूनही आवाज फुटत नाही. त्या वेळी मेंदू घटनेचा गाभा घट्ट धरून ठेवतो. पण तारीख, वेळ, आधी काय घडले आणि नंतर काय, हे तपशील निसटतात. मुलाला खोलीतला वास आठवतो, भिंतीवरचे कॅलेंडर आठवते, पण तो मंगळवार होता की गुरुवार हे आठवत नाही. चौकशी समिती नेमके तेच विचारते. उत्तर आले नाही की ‘विसंगती आढळली’ असा शेरा पडतो.

शिवाय हा माणूस बहुधा अनोळखी नसतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. आणखी एक गोष्ट आपल्या समजुतीला धक्का देणारी होती: अत्याचार सोसलेल्यांमध्ये मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. मुलगा असला की ‘त्याला काय होतंय’ म्हणून आपण निश्चिंत राहतो, आणि त्याच निश्चिंतीचा फायदा घेतला जातो.

ओळखीचा माणूस एकदम हल्ला करत नाही. तो आधी मुलाला वेगळे निवडतो, त्याचे कौतुक करतो, खाऊ देतो, फी माफ करतो, घरच्यांना मदत करतो. घरच्यांना त्याचे उपकार वाटू लागतात. मग हळूहळू अंगचटीला जातो आणि प्रत्येक पायरीवर मुलाला एका गुपितात सामील करून घेतो. मूल बोलायला तयार होते तोवर त्याला स्वतःचीच लाज वाटू लागलेली असते. समोर असतो तो गावाने मानलेला ‘भला माणूस’.

तपासणीत ‘काही आढळले नाही’ तर

दुसरी मोठी गैरसमजूत वैद्यकीय तपासणीबद्दल आहे. डॉक्टरांनी ‘शरीरावर जखम नाही’ असे लिहिले की गावात ‘काही घडलेच नाही’ असे बोलले जाते. अमेरिकेत लैंगिक अत्याचाराच्या संशयावरून तपासणीसाठी आणलेल्या २,३८४ मुलांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ४ टक्के मुलांच्याच तपासणीत काही वेगळे आढळले. अत्याचाराच्या अनेक प्रकारांत जखम होतच नाही. झाली तरी त्या भागातली त्वचा लवकर भरून येते, आणि मूल बोलेपर्यंत दिवस, महिने, कधी वर्षे उलटलेली असतात. म्हणून तपासणीत काही न आढळणे हीच नेहमीची गोष्ट आहे. तो मुलाच्या सांगण्याविरुद्धचा पुरावा नाही.

मात्र घटना ताजी असेल, तर तासातासाला महत्त्व असते. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, तीही जितकी लवकर तितकी चांगली. वयात आलेल्या मुलीला गर्भधारणा टाळण्याची गोळी द्यायची, तर तिलाही मुदत असते. कपड्यांवरचे आणि शरीरावरचे नमुने पहिल्या तीन-चार दिवसांतच हाती लागतात. संस्थेची समिती नेमून, बैठक बोलावून, इतिवृत्त लिहून होईपर्यंत आठवडा जातो. त्या आठवड्यात मुलाचा उपचाराचा हक्क गेलेला असतो. कायद्यानुसार सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा मुलावर तातडीचे उपचार मोफत करायचे असतात आणि पोलिसांना कळवायचे असते. पोलिसांचे पत्र आणा, मग बघू, असे म्हणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

अंतर्गत चौकशीचे तिसरे नुकसान म्हणजे पुन्हा पुन्हा होणारी विचारपूस. आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक, मग विश्वस्त, मग आरोपीला समोर बसवून पुन्हा एकदा. मुलांच्या जबाबाचे शास्त्र सांगते की प्रशिक्षित व्यक्तीने, कमीत कमी वेळा, ‘मग काय झालं ते सांग’ असे मोकळे प्रश्न विचारावेत. ‘सरांनी तुला इथे हात लावला ना?’ असे प्रश्न मुलाच्या तोंडी शब्द घालतात आणि पुढे न्यायालयात बचाव पक्षाच्या हाती आयते हत्यार देतात. म्हणजे चांगल्या हेतूने केलेली चौकशीही आरोपीच्याच पथ्यावर पडते.

श्रद्धा असते तिथे

या सगळ्यात धर्माची भर पडली की मुलाची वाट आणखी अरुंद होते. मुंबईतले उदाहरण बोलके आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये गोवंडीच्या शिवाजीनगर भागातील चर्चच्या धर्मगुरूने तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार केला. मुलाने घरी आल्यावर आईला सांगितले. कुटुंब भाविक होते. ते आधी पोलिसांकडे गेले नाही, आपल्या धर्मप्रमुखाकडे गेले. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांना ते भेटले. कार्डिनल त्याच रात्री रोमला निघणार होते. त्यांच्याकडून पोलिसांना काही कळवले गेले नाही. शेवटी कुटुंब स्वतःच पोलीस ठाण्यात गेले.

बीबीसीने फेब्रुवारी २०१९ मध्ये हे प्रकरण मांडले, तेव्हा आपल्याला हे अधिक चांगल्या रीतीने हाताळता आले असते, अशी कबुली कार्डिनलनी दिली. त्याच महिन्यात व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी मुलांच्या संरक्षणावर जगभरच्या धर्मप्रमुखांची परिषद बोलावली होती. तिच्या चार संयोजकांपैकी एक हेच कार्डिनल होते. मुंबईच्या विशेष न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये त्या धर्मगुरूला जन्मठेप सुनावली. घटनेपासून निकालापर्यंत सहा वर्षे गेली. तक्रार केल्यावर आपल्याच समाजाने आपल्याला दूर लोटले, असे त्या कुटुंबाने सांगितले होते. मुलाचे दुःख एकीकडे राहिले आणि धर्माची बदनामी केली म्हणून बोल लागला तो त्याच्याच घराला.

हा कोणा एका धर्माचा दोष नाही. आसाराम प्रकरणातली मुलगी सोळा वर्षांची होती आणि त्याच्याच छिंदवाड्याच्या गुरुकुलात शिकत होती. तिला बाधा झाली आहे आणि बापूच ती उतरवतील, असे सांगून घरच्यांना तिला त्याच्याकडे न्यायला लावले. आईवडील त्याचे भक्त होते, म्हणूनच त्यांनी विश्वास ठेवला. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांनी दिल्लीत जाऊन तक्रार नोंदवली आणि एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला जन्मठेप दिली. इथेही न्यायाची वाट सुरू झाली ती संस्थेच्या आणि तिच्या प्रभावाच्या बाहेरच्या दरवाजातून.

त्याच ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या साताऱ्याच्या डॉक्टरांनी आयुष्यभर बुवाबाजीविरुद्ध काम केले. श्रद्धा असणे आणि श्रद्धेपोटी प्रश्न विचारण्याचा हक्क सोडून देणे यांतला फरक ते सांगत राहिले. त्यांच्या खुनानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. मुलांच्या सुरक्षेसाठीही तोच धडा कामाचा आहे. एखादी व्यक्ती पूज्य मानली जाते, म्हणून तिच्याभोवतीचे नियम सैल करायचे नसतात. उलट तिथे मुलाला ‘नाही’ म्हणणे सर्वांत अवघड असते, म्हणून ते अधिक घट्ट करायचे असतात.

धर्मगुरूकडून झालेल्या अत्याचाराची जखम वेगळी असते, असे या क्षेत्रात काम करणारे सांगतात. इतर मुलांना निदान देवाचा, प्रार्थनेचा आधार उरतो. इथे तोच आधार मलीन झालेला असतो. देवाच्या माणसाने केले म्हणजे आपलेच काही चुकले असेल, असे मूल समजते. मग झोप न लागणे, अचानक घाबरणे, अभ्यासातून मन उडणे, पुढे व्यसन, नैराश्य, स्वतःला इजा करणे हे परिणाम वर्षानुवर्षे साथ सोडत नाहीत.

चोवीस वर्षांचे मौन

ऑस्ट्रेलियाने २०१३ ते २०१७ या काळात शाही आयोग नेमून शाळा, अनाथालये, चर्च, क्रीडासंस्था अशा सगळ्या संस्थांमधील बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी केली. आठ हजारांहून अधिक पीडितांनी आयोगासमोर खासगीत आपली कहाणी सांगितली. अत्याचाराबद्दल पहिल्यांदा कोणाशी तरी बोलायला त्यांना सरासरी २३.९ वर्षे लागली होती. जवळजवळ चोवीस वर्षे! फ्रान्समध्ये २०२१ साली स्वतंत्र आयोगाने अंदाज मांडला, की १९५० पासून तिथल्या कॅथलिक धर्मगुरूंनी सुमारे २ लाख १६ हजार मुलांवर अत्याचार केले. हे आयोग बाहेरच्या, स्वतंत्र लोकांचे होते, हे लक्षात घ्यायला हवे. त्याआधी दशकानुदशके त्याच संस्था स्वतःच स्वतःची चौकशी करत होत्या. तक्रार आली की आरोपीची बदली व्हायची. नव्या गावाला काहीच माहीत नसायचे.

बदलीचा हा उपाय आपल्याला अनोळखी नाही. ‘त्या सरांना दुसऱ्या शाखेत पाठवलं, विषय मिटला’ हे वाक्य आपल्याकडेही शहाणपणाचे म्हणून ऐकवले जाते. विषय मिटत नाही. तो फक्त दुसऱ्या गावच्या मुलांच्या दारात जातो.

डॉक्टरांनाही सूट नाही

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. तो मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील वा सेवेतील व्यक्तीने तिथल्या मुलावर अत्याचार केला, तर तो अधिक गंभीर गुन्हा ठरतो आणि त्याला अधिक कडक शिक्षा आहे. या कायद्याच्या कलम १९ नुसार, असा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे किंवा घडेल अशी धास्ती वाटते, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत. याउलट चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, असे संरक्षणही कायद्याने दिले आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवले नाही, असा आरोप ठेवण्यात आला. उच्च न्यायालयाने त्याच्यावरील खटला रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. असा गुन्हा वेळेवर कळवणे अत्यंत महत्त्वाचे आहे आणि त्यात कसूर झाली तर कायद्याचा हेतूच विफल होईल, असे न्यायालयाचे म्हणणे होते. दोष सिद्ध होणे न होणे हा खटल्याचा भाग झाला. पण ‘मी फक्त औषध दिले’ असे म्हणून बाजूला होता येणार नाही, हे प्रत्येक दवाखान्याने लक्षात ठेवावे. वारंवार पोटात दुखणारी, लघवीला जळजळ होणारी, सुटले होते ते अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झालेली, अमुक शिक्षकाचे नाव काढले की गप्प होणारी मुले आधी डॉक्टरांकडेच येतात. ही लक्षणे इतर कारणांनीही दिसतात, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये. मात्र वसतिगृहातल्या मुलाला अधीक्षकाला बाहेर पाठवून, एकट्याने दोन शब्द विचारण्याची सवय तरी लावून घ्यावी.

बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांच्या दोन मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी ताटकळावे लागले आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले. शाळेने वेळेवर कळवले नाही म्हणून तिच्या विश्वस्तांवरही गुन्हा दाखल झाला. कायदा होऊन बारा वर्षे झाली होती. कायदा कागदावर असणे आणि मुख्याध्यापकाच्या अंगवळणी पडणे यात एवढे अंतर आहे.

‘खोट्या तक्रारी’ आणि ‘संस्थेचे नाव’

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, खोट्या तक्रारीने एखाद्या निरपराध शिक्षकाचे आयुष्य उद्ध्वस्त होईल. ही भीती पोकळ नाही. पण याचे उत्तर संस्थेतली चौकशी असू शकत नाही. खरे-खोटे ठरवायला प्रशिक्षित तपास अधिकारी, न्यायवैद्यक तपासणी आणि न्यायालय लागते. विश्वस्त मंडळाने दिलेल्या निर्दोषत्वाच्या दाखल्यावर गाव विश्वास ठेवत नाही, त्यामुळे निरपराध माणसालाही खरी मोकळीक बाहेरच्या तपासातूनच मिळते. पोलिसांना कळवणे म्हणजे कोणाला दोषी ठरवणे नव्हे. तपास सुरू असेपर्यंत त्या व्यक्तीला मुलांपासून दूर ठेवणे आणि मुलाची ओळख जपणे, एवढेच संस्थेचे काम आहे.

दुसरा आक्षेप नावाचा. संस्था उभी करायला पिढ्या लागतात, एका प्रकरणाने ती बुडेल. आपल्या भागात हा मुद्दा भावनेचा आहे, आणि त्याला कारणही आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले तिथे एका पंगतीत जेवली आणि शिकली. माण-खटाव, जत, आटपाडीच्या दुष्काळी गावांतल्या कित्येक घरांत पहिला शिकलेला माणूस वसतिगृहामुळे निपजला. पाचगणीच्या निवासी शाळांत देशभरातून मुले येतात. भटक्या-विमुक्तांच्या मुलांना आश्रमशाळांनी छप्पर दिले. म्हणून वसतिगृहे बंद करा असे कोणी म्हणू नये. त्यात गरिबाच्याच मुलाचे नुकसान आहे. पण ज्या आईबापांनी पोटचे पोर आपल्या स्वाधीन केले, त्यांच्या विश्वासावरच संस्थेचे नाव उभे असते. पोराला गप्प बसवून राखलेले नाव कधी ना कधी निनावी पत्रातून बाहेर येतेच.

बाहेरचा दरवाजा म्हणजे काय

यासाठी फार पैसा लागत नाही. पहिली गोष्ट, १०९८ हा चाईल्डलाईनचा क्रमांक प्रत्येक वसतिगृहात, मठात, चर्चच्या सभागृहात, तालमीत मुलांच्या उंचीवर ठळक लिहिलेला असावा, आणि मुलांना अधीक्षकाची परवानगी न घेता वापरता येईल असा फोन असावा. क्रमांक भिंतीवर आणि फोन साहेबांच्या कपाटात, याला अर्थ नाही.

दुसरी, तक्रारपेटीची किल्ली. पेटी अनेक शाळांत टांगलेली असते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. ती बाहेरच्या व्यक्तीकडे हवी: पालकांचा प्रतिनिधी, महिला पोलीस किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा माणूस. राज्य सरकारने २०२२ मध्ये शाळांना ‘सखी सावित्री समिती’ नेमायला सांगितले आहे. आपल्या शाळेत ती आहे का, तिच्यात कोण आहे आणि ती शेवटची कधी बसली, हे पालकसभेत विचारायला काय हरकत आहे?

तिसरी, कोणीही प्रौढ, मग तो कितीही मान्यवर असो, बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर राहणार नाही हा नियम. खासगी शिकवणी, संगीताचा रियाज, तालमीतली मालीश, प्रायश्चित्ताची कबुली, दीक्षा, सगळ्यांना तो लागू असावा. मुलीच्या वसतिगृहात रात्री पुरुष पदाधिकारी येणार नाहीत, हा नियमही संस्थाचालकापासून सुरू व्हावा. नियम सर्वांना सारखा असला की कोणाचा अपमान होत नाही.

चौथी गोष्ट तपासणीची. आश्रमशाळेची तपासणी म्हणजे धान्याचा साठा, हजेरीपट आणि पलंगांची मोजणी असे समीकरण झाले आहे. तपासणीला येणाऱ्यांबरोबर मुलांशी बोलण्याचे प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती असावी आणि तिने कर्मचाऱ्यांना दूर ठेवून मुलांशी बोलावे. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला हे करता येते. तिच्याकडे माणसे आणि गाडी नसेल तर ती देणे हे जिल्हा प्रशासनाचे काम आहे.

घरच्यांसाठी सांगायचे तर मूल काही बोलले की तीन वाक्ये पुरतात. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस.’ ‘यात तुझी काही चूक नाही.’ ‘आता पुढचं मी बघतो.’ ‘आधीच का नाही सांगितलंस?’ हे विचारू नये. त्यात दोष मुलाकडे जातो. घटना नुकतीच घडली असेल, तर आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत, कागदात गुंडाळून ठेवावेत आणि थेट सरकारी रुग्णालय किंवा पोलीस ठाणे गाठावे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी, गणवेशात नसलेल्या पोलिसाने, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, अशी कायद्यात तरतूद आहे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, आणि तपासणीच्या वेळी आईवडील किंवा मुलाच्या विश्वासातले माणूस जवळ असते. जुनी, अपमानास्पद ‘टू फिंगर’ चाचणी सर्वोच्च न्यायालयाने बंद केली आहे. कोणी ती करू लागले तर नकार द्यावा. मुलाचे नाव, शाळा, फोटो कुठेही, गावच्या व्हॉट्सअॅप गटातसुद्धा, टाकणे हा गुन्हा आहे.

येत्या जूनमध्ये साताऱ्या-सांगलीच्या एसटी स्थानकांवर पत्र्याच्या पेट्या आणि वळकट्या घेऊन वसतिगृहात निघालेली मुले पुन्हा दिसतील. प्रवेशाच्या वेळी आपण जेवण, फी आणि निकाल विचारतो. यंदा आणखी एक प्रश्न विचारावा: माझ्या मुलाला तुमच्याविरुद्ध तक्रार करायची झाली, तर त्याने कोणाकडे जायचे? चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येणार नाही. तिच्याकडे उत्तर तयार असेल.